बुटाचं चामडं ओळखायचं कसं? 'जेन्युईन लेदर' म्हणजे नक्की काय?

ऋता_इंदिरानगर

नमस्कार मंडळी.

नवरा सातपूरला नोकरीला. रोज दुचाकी, ऑफिसात फॉर्मल बूट सक्तीचे. दर पावसाळ्यानंतर एकच रड: बोटं वाकतात तिथला वरचा चकचकीत पापुद्रा सुटतो आणि खालून राखाडी, भुसभुशीत काहीतरी डोकावायला लागतं. आत मात्र ठसठशीत अक्षरात 'जेन्युईन लेदर'.

परवा मेन रोडला एका दुकानात विचारलं तर "मॅडम, शंभर टक्के प्युअर लेदर". कॉलेज रोडवाल्याने थेट 'फुल ग्रेन' तोंडावर फेकलं. घरी येऊन नेटवर वाचते तर म्हणे फुल ग्रेन सगळ्यात भारी, मग टॉप ग्रेन, आणि जेन्युईन सगळ्यात हलकं. म्हणजे अस्सल लिहिलंय तेच कमअस्सल?

दुकानात उभ्या उभ्या, बूट न फाडता, चामडं कसं ओळखायचं? स्वेड, नुबक, पेटंट ही काय भानगड असते? आणि आपल्या नाशिकच्या पावसात चार-साडेचार हजारांत काय घ्यावं? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

---

मिसळीत_फरसाण

सोपी चाचणी. बूट काळारामाच्या दारात काढून दर्शनाला जा. बाहेर आल्यावर जागेवर असतील तर रेक्झीन.

---

भटकभवानी

+१. माझे आजवर प्रत्येक वेळी जागेवर सापडलेत. काय ते समजून जा.

---

रसायनी

ऋताताई, आधी कातड्याची रचना सांगतो, मग नावं आपोआप लागतील.

जनावराच्या कातड्याची केसांकडची बाजू घट्ट विणीची असते. तिला ग्रेन म्हणतात. केसांची छिद्रं तिथेच दिसतात. जसजसं मांसाकडे जावं तसतसे तंतू मोकळे, जाड आणि सैल होत जातात. मोठ्या जनावराचं कातडं चार-सहा मिलिमीटर जाड असू शकतं, आणि बुटाच्या वरच्या भागाला, म्हणजे अप्परला, साधारण १.२ ते १.४ मिलिमीटरच लागतं. म्हणून कारखान्यात फिरत्या पात्याच्या यंत्रावर कातडं आडवं चिरून त्याचे थर काढतात. वरचा थर ग्रेनचा, खालचा तो स्प्लिट.

ग्रेनचा थर जसाच्या तसा ठेवला तर फुल ग्रेन. जनावराला काटे लागतात, गोचिड्या चावतात, डाग देतात, त्या खुणाही त्यावर राहतात. बहुतेक कातडी इतकी स्वच्छ नसतात. मग वरून बारीक घासायचं, रंगाचा थर द्यायचा आणि गरम पट्टीने नकली छिद्रं उठवायची. हे करेक्टेड ग्रेन. बाजारातले बरेचसे काळे फॉर्मल बूट ह्याच चामड्याचे असतात आणि त्यात वाईट काही नाही. टॉप ग्रेन हा शब्द मात्र जो तो सोयीने वापरतो. कुणी फुल ग्रेनला म्हणतो, कुणी घासलेल्याला.

स्प्लिटवर ग्रेन नसतोच. त्याची लव उठवली की स्वेड. ग्रेनची बाजू हलकी घासून मखमली केली तर नुबक. दोन्ही हाताला सारखीच लागतात, पण नुबक टिकाऊ. पेटंट म्हणजे चामड्यावर आरशासारखा जाड थर. पूर्वी जवसाच्या तेलाचं वार्निश द्यायचे, हल्ली पॉलियुरेथेन हे प्लॅस्टिक.

आता तुमचं दुखणं. स्प्लिटवर पॉलियुरेथेनची पातळ फिल्म चिकटवली की ते नवं असताना फुल ग्रेनपेक्षा देखणं दिसतं. वाकून वाकून फिल्म सुटते आणि खालचे तंतू दिसतात. मूळ कातडं जनावराचंच, त्यामुळे जेन्युईन हा शिक्का खोटा म्हणता येत नाही. सुटलेल्या जागी विणलेलं कापड दिसलं असतं तर ते सरळ रेक्झीन. भुसभुशीत म्हणताय, तर फिल्म लावलेलं स्प्लिट असावं. किंवा बाँडेड, म्हणजे चामड्याचा भुगा गोंदाने थापून केलेला पत्रा.

---

हौशी_ग्राहक

लायटर लावून बघा. अस्सल चामडं जळलं की केस जळल्यासारखा वास येतो, प्लॅस्टिक वितळून गोळा होतं. युट्यूबवर शेकडो व्हिडिओ आहेत.

---

मिसळीत_फरसाण

हौशीभाऊ, दुकानात लायटर काढलात की आधी दुकानदार तुम्हालाच जाळेल.

---

रसायनी

शिवाय फिल्मवालं स्प्लिट पेटवलं तरी केसाचाच वास येणार. ऋताताईंना जे टाळायचंय ते त्या चाचणीत पास होतं. वासावरही जाऊ नका, चामड्याचा वास बाटलीत मिळतो.

---

आरीरापी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय घरचा आहे म्हणून राहवलं नाही.

शालिमारजवळ आमच्या वडिलांची बैठक होती. मी बँकेत लागलो, पण शाळा सुटल्यावर आरी-रापी हातात घेऊनच मोठा झालोय. वरच्या रसायनीसाहेबांचं सगळं बरोबर आहे, पण नेटवर जी उतरंड लावतात (फुल ग्रेन, टॉप ग्रेन, जेन्युईन) ती कारागीर मानत नाही. आमच्याकडे पहिला प्रश्न असतो जनावर कोणतं, आणि दुसरा, कातड्याची जागा कोणती.

गाईच्या चामड्याची छिद्रं बारीक आणि दाट. म्हशीचं दाणेदार, छिद्रं मोठी आणि विरळ, चामडं जाडजूड. राकट कामाला त्याच्यासारखं दुसरं नाही. बकरीचं पातळ असून चिवट, तिची छिद्रं झुबक्या-झुबक्यांनी असतात. मेंढीचं लोण्यासारखं मऊ, पण थरांमध्ये चरबी असते त्यामुळे आत सैल. जाकिटाला उत्तम, रोजच्या बुटाला नको. दुकानात 'एकदम सॉफ्ट आहे साहेब' म्हणून पुढे करतात ते बऱ्याचदा हेच.

आणि जागा. पाठीचं आणि पुठ्ठ्याचं (म्हणजे जनावराच्या मागच्या भागाचं) चामडं घट्ट, पोटाचं नि काखेचं ढिलं. एकाच जनावराच्या फुल ग्रेन चामड्यातून एक बूट पाठीचा निघतो, एक पोटाचा. दोन्हींवर शिक्का सारखाच. चांगला कारखाना बोटांवरचा तुकडा पाठीतून कापतो आणि पोटाचं चामडं जिभेला, टाचेच्या आत, जिथे दिसत नाही आणि वाकत नाही तिथे वापरतो. स्वस्तातला कारखाना सगळीकडे सगळं लावतो.

ओळखायचं असं. बूट हातात घ्या, बोटं वाकतात त्या जागी अंगठ्याने आत दाबा. पाठीच्या चामड्यावर केसासारख्या बारीक सुरकुत्या पडतात आणि अंगठा काढला की जातात. पोटाच्या चामड्यावर जाड वळ्या उठतात, वरचा थर सुटा असल्यासारखा हलतो. फिल्मवाल्यावर धड सुरकुती पडतच नाही, एकच गुळगुळीत खोलगट घडी पडते. मग कापलेली कड शोधा. जिभेची कड बहुतेक वेळा उघडी असते. तंतू दिसले तर चामडं, सॅंडविचसारखे सरळ थर दिसले तर समजून घ्या.

एक सांगून थांबतो. व्हिडिओ बघून चामडं शिकायची वेळ आपल्या शिकल्यासवरल्या लोकांवर का आली, तर पिढ्यान्‌पिढ्या त्याला हातच लावायचा नव्हता. ज्यांनी हात लावला त्यांना कुणी काही विचारलं नाही.

---

भटकभवानी

आरीरापी दादा, शेवटचा परिच्छेद चटका लावून गेला. लिहीत जा हो.

---

कुलकर्णी_नाशिकरोड

सगळ्या वस्तूंत जात आणलीच पाहिजे का? साधा बुटाचा प्रश्न आहे.

---

आरीरापी

कुलकर्णी साहेब, मी आणली नाही. मी शाळेत गेलो तेव्हा ती आधीच येऊन बसली होती. बुटाबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, मनापासून सांगेन.

---

कुलकर्णी_नाशिकरोड

बरं. सोल चामड्याचा घ्यावा की रबराचा?

---

आरीरापी

नाशिकमध्ये रबराचा किंवा टीपीआरचा (रबरासारखं लवचिक प्लॅस्टिक). चामड्याचा तळ लग्नात मिरवायला. ओल्या फरशीवर घसराल, आणि जूनमध्ये भिजला की कागदाच्या लगद्यासारखा फुगेल.

---

सातपूरकर

मी कारखान्यातला माणूस, माझं सगळं आयुष्य सेफ्टी शूजमध्ये. त्यात चामड्याला 'बफ बार्टन' म्हणतात. बफ म्हणजे म्हैस आणि बार्टन हा दाणेदार छाप. घासून, छाप मारून केलेलं करेक्टेड ग्रेनच ते. बघायला ओबडधोबड, पण त्यावर कूलंट सांडतं, तेल सांडतं, धातूच्या चिप्स उडतात, तरी अप्पर फाटलेलं क्वचित पाहिलंय. शिक्का बघून घ्या: आयएस १५२९८ भाग २ म्हणजे पुढची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते.

तेव्हा घासलेलं चामडं म्हणजे कमी दर्जाचं, हे डोक्यातून काढा. ऑफिसला हेच घालून जायला लागलो तर बायको घराबाहेर काढेल एवढंच.

---

द्राक्षबागाईत

आमच्याकडे दिंडोरीच्या काळ्या मातीत कसलं फुल ग्रेन आणि कसलं काय. छाटणीनंतर पाऊस झाला की बागेत एकेक पाय पाच किलोचा होतो. गमबूट झिंदाबाद. एकदा मुलाचे ऑफिसचे बूट घालून बोर्डो फवारायला गेलो, मोरचुदाने निळे झाले. तो अजून बोलत नाही.

---

रसायनी

बागाईतकाका, निळं चामडं ही खरी अवस्था असते बरं का! बुटांचं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारात कमावतात. ते पिंपातून निघतं तेव्हा ओलं आणि फिकट निळं असतं, त्याला 'वेट ब्लू' असंच नाव आहे. रंग नंतर चढतो. म्हणून काही बुटांची कड कापली की गाभा निळसर-राखाडी दिसतो. क्रोमचं काम साधारण एका दिवसात होतं. बाभळीची साल, हिरडा, तरवड अशा झाडपाल्यात कमावलेल्या चामड्याला आठवडे, कधी महिने जातात. त्याचा गाभा तपकिरी असतो.

ऋताताईंना ह्यातून घेण्यासारखं एवढंच की क्रोमचं चामडं पाणी आणि उष्णता दोन्ही जास्त सोसतं. उकळत्या पाण्यातही चांगलं क्रोम चामडं आकसत नाही. झाडपाल्याचं त्याच्या कितीतरी आधी आखडतं, आणि भिजून वाळलं की कडक होतं.

---

भटकभवानी

म्हणूनच कोल्हापुरी पावसाळ्यात घालू नको म्हणून आज्जी ओरडायची तर!

---

आरीरापी

अगदी. अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. जुनी रीत अशी की कातड्याचीच पिशवी शिवायची, त्यात सालीचं पाणी भरायचं आणि टांगून ठेवायची. पाणी कातड्यातून झिरपत राहतं. तळाला म्हशीचं, वेणीला बकरीचं. खिळा नाही, चामड्याच्याच वादीने शिवतात. उन्हाळ्यात तिच्याइतकं पायाला दुसरं काही मानवत नाही. भिजली की मात्र तळ फुगतो, थर उकलतात.

२०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं: महाराष्ट्रातले चार जिल्हे, कर्नाटकातले चार. त्यामुळे आपल्याकडे दुकानात 'ओरिजिनल नाशिक कोल्हापुरी' दिसली तर हसून पुढे जा.

---

मिसळीत_फरसाण

आणि मिलान कोल्हापुरी? २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा ह्या फॅशन कंपनीने रॅम्पवर चालवली तेव्हा आपल्या सगळ्यांना एकदम तिचा अभिमान आठवला. तोपर्यंत माझ्यासकट सगळे क्रॉक्समध्ये.

---

हिरवी_वाट

एवढी चर्चा चामड्याची, पण त्या जनावराचं काय? शिवाय क्रोमच्या सांडपाण्याने कानपूरच्या जाजमऊला गंगेचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. आता चांगली 'व्हीगन लेदर' मिळतात, ती घ्या ना.

---

रसायनी

सांडपाण्याबद्दल मान्य, शंभर टक्के. पण व्हीगन लेदर म्हणून आपल्या बाजारात जे मिळतं ते बहुतेक वेळा कापडावर पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसी, म्हणजे आपलं जुनं रेक्झीनच नव्या बारशाचं. दीड-दोन वर्षांत सोलपटून कचऱ्यात जाणार आणि कुजणार नाही. ज्याला जनावराचं नको त्याने जाडजूड कॅनव्हास घ्यावा, हे माझं मत.

---

हिरवी_वाट

जनावर मारण्यापेक्षा सोलपटलेलं परवडलं.

---

कुलकर्णी_नाशिकरोड

२०१५ च्या कायद्यानंतर राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, मग गाईचं चामडं येतं कुठून, हाही प्रश्न

---

धागाराखण

सूचना: कत्तलबंदी, शाकाहार ह्यांवर आधीच तीन धागे कुलूपबंद आहेत, चौथा नको. ऋता यांचा प्रश्न पावसाचा आणि बुटाचा आहे. पुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील. मिसळीत_फरसाण यांनी हे वैयक्तिक घ्यावे.

---

मिसळीत_फरसाण

घेतलं.

---

तोफखाना_निवृत्त

जय हिंद. देवळालीला नोकरी काढली. बुटात चेहरा दिसला नाही तर परेडवरून परत पाठवायचे, तेव्हा निगा ह्या विषयावर दोन शब्द.

बाजारात जे पटकन चमक देणारे स्पंज मिळतात ते सिलिकॉनचे. धूळ पुसायला ठीक, चामड्याच्या पोटात काही जात नाही. ग्रेनच्या चामड्याला आधी क्रीम, मग मेणाचं डबीतलं पॉलिश. कापड बोटाला घट्ट गुंडाळायचं, पाण्याचा एक थेंब आणि पॉलिशचा एक स्पर्श, लहान लहान गोल फिरवत राहायचं. घाई केली की सगळं फुकट. फिल्मवाल्या बुटाला असलं पॉलिश वरच बसतं, चोळत राहा, चिकट होतं फक्त. माझी चाचणी हीच: क्रीम पाच मिनिटांत प्यालं तर चामडं. पेटंटला मात्र ओलसर कापड पुरे, मेण लावू नका. स्वेडला ब्रश, पॉलिश अजिबात नाही.

भिजला तर उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवायचा नाही. आत वर्तमानपत्राचे बोळे, तास-दोन तासांनी बदलायचे, पंख्याखाली सावलीत. आणि तोच बूट दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. चामड्याने रात्रभरात घाम सोडलेला नसतो. पगार कमी होता तरी आम्ही दोन जोड ठेवायचो, आणि ते एकेका जोडापेक्षा दुपटीहून जास्त टिकायचे.

---

हौशी_ग्राहक

काका, बुरशीचं काय? आमच्याकडे जुलैत कपाट उघडलं की बुटांना पांढरी दाढी.

---

तोफखाना_निवृत्त

बंद कपाटातून बाहेर काढा. कोरड्या कापडाने घराबाहेर पुसा, मग क्रीम. प्लॅस्टिकच्या पिशवीत बूट ठेवणाऱ्याला तर मी शिक्षाच दिली असती.

---

भटकभवानी

माझ्या भावाने लग्नातले बूट जपून खोक्यात ठेवले होते. काही वर्षांनी साडूच्या लग्नात घातले आणि मांडवातच सोलचा भुगा. मागे मागे चॉकलेटी रेघ. अप्पर नव्यासारखं! हे कसं काय?

---

रसायनी

जपून ठेवले म्हणूनच. सोल पॉलियुरेथेनचा असणार. हवेतला ओलावा त्याच्या साखळ्या हळूहळू तोडत राहतो, त्याला जलविच्छेदन म्हणतात. न वापरता बंद, दमट जागी ठेवले तर आणखी लवकर. अधूनमधून घातलेले बूट जास्त तगतात. टीपीआर किंवा रबराला हा रोग नाही.

खरं सांगायचं तर आपण सगळे अप्परच्या चामड्यावर एवढे भांडतोय, आणि घरोघरी बूट मरतात ते सोल सुटून नाहीतर अस्तर फाटून.

---

सातपूरकर

सहमत. अस्तर कुणीच बघत नाही. वर फुल ग्रेन आणि आत प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर पाय उकडणार, घाम आतच राहणार, चामडं आतून सडणार. बूट घेताना हात आत घाला, टाचेपर्यंत.

---

ऋता_इंदिरानगर

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार, धागाराखण यांचेही.

काल सगळं वाचून पुन्हा मेन रोडला गेले. आरीरापी दादांनी सांगितलं तसं अंगठ्याने दाबून बघत होते तर दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमचं पण दुकान आहे का?" सगळ्यात चकचकीत जोडावर एकच खोलगट घडी पडली. साधासा दिसणारा तपकिरी जोड होता त्यावर बारीक सुरकुत्या. भाव दोन्हींचा जवळपास सारखा.

एक विचारायचं राहिलं. काही जोडांच्या तळाला छोट्या आकृत्या होत्या: एक पसरलेल्या कातड्यासारखी, एक चौकट शंकरपाळ्यासारखी. हे काय?

---

रसायनी

छान पकडलंत! युरोपीय संघाने १९९४ च्या निर्देशाने बुटांवर ह्या खुणा बंधनकारक केल्या. निर्यात करणारे कारखाने देशातल्या मालावरही बऱ्याचदा त्याच छापतात. पसरलेलं कातडं म्हणजे चामडं, शंकरपाळं म्हणजे इतर साहित्य, जाळी म्हणजे कापड. आणि कातड्याच्या आकृतीच्या पोटात शंकरपाळं असेल तर थर दिलेलं चामडं. तुमचे सोलपटणारे बूट प्रामाणिक कारखान्याचे असते तर त्यांच्यावर ही शेवटची खूण असती. अप्पर, अस्तर आणि सोल ह्या तिन्हींसाठी वेगवेगळी आकृती असते. तो भाग ८० टक्के ज्याचा, त्याची खूण.

---

आरीरापी

ऋताताई, तो तपकिरी जोड घ्या. सोल टीपीआरचा आहे का आणि अस्तर चामड्याचं आहे का तेवढं बघा. संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो, तेव्हाचं माप खरं. काळा सक्तीचा असेल तर त्याच कंपनीचा काळा विचारा, पण तो पुन्हा दाबून बघा. काळ्या रंगाखाली कसलंही चामडं खपतं.

आणि पावसाळ्याचे चार महिने त्यांना सरळ रबरी सॅंडल घालून पाठवा, बूट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. सिंहस्थाच्या कामांनी जे रस्ते खणून ठेवलेत त्यांच्यापुढे कुठलंच चामडं टिकणार नाही.

---

ऋता_इंदिरानगर

घेतला! काळाच मिळाला, दाबून बघितला, अस्तरही चामड्याचं. ४,३०० ला. ड्रॉवरची कल्पना नवऱ्याला पटली आहे, त्याच्या साहेबांना पटते का बघू.

---

द्राक्षबागाईत

अभिनंदन ताई. आता कुणीतरी गमबुटात मोजे ओले होतात त्यावर उपाय सांगा.

---

हौशी_ग्राहक

लेदर सोफ्याबद्दल विचारायचं होतं, इथेच विचारू का?

---

धागाराखण

वेगळा धागा काढा. लायटर घरी ठेवून.